पोलीस ठाणे, कारागृह आणि मनोरुग्णालय : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मानसिक आजार असलेल्या व्यक्तीचा पोलिसांशी, न्यायालयाशी किंवा कारागृहाशी संबंध आला, की दवाखान्याचे काम कोठे संपते आणि ठाण्याचे कोठे सुरू होते हे कोणी नीट सांगत नाही, अशा आशयाची बरीच पत्रे या सदराकडे जमा झाली होती. त्यांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची ओळख उघड होऊ नये म्हणून नावे गाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत. उत्तरांतील तरतुदी मुख्यतः २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मधील आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील आहेत. पुढे ‘अधिनियम’ म्हटले आहे तेथे पहिला कायदा आणि ‘संहिता’ म्हटले आहे तेथे दुसरा समजावा.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला बऱ्याच वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. गेल्या वर्षी त्याने गोळ्या सोडल्या. आता तो रात्री-अपरात्री गावात फिरतो, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असे म्हणतो आणि एकदा त्याने त्यांच्या दारावर दगड मारले. मी ११२ वर फोन केला. पोलीस आले, पण ‘हा दवाखान्याचा विषय आहे, कोर्टाची ऑर्डर आणा’ असे सांगून गेले. दवाखान्यात विचारले तर ‘पेशंटला पोलिसांकडून आणा’ असे उत्तर मिळाले. वडील नाहीत, आई थकली आहे. मी एकटीने काय करावे?
— एक बहीण, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर : ताई, दोन्ही ठिकाणी आपल्याला परत पाठवले गेले, आणि दोन्ही ठिकाणी दिलेले कारण कायद्याला धरून नव्हते. पोलिसांनी ज्या ‘ऑर्डर’चा उल्लेख केला ती १९८७ च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्यातील ‘रिसेप्शन ऑर्डर’ असावी. तो कायदा रद्द झाला, तरी ठाण्यांतून आणि रुग्णालयांतून तिची सवय अजून गेलेली नाही. ज्या रुग्णाचे कुटुंब त्याच्याजवळ आहे, त्याला उपचारासाठी दाखल करण्यास आता न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची आवश्यकता नाही.

आपल्या भावाच्या बाबतीत सरळ मार्ग अधिनियमाच्या कलम ८९ चा आहे. रुग्णाने नुकताच स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न केला असेल किंवा तशी धमकी दिली असेल, त्याच्या वागण्यामुळे इतरांना शारीरिक इजेची भीती वाटत असेल, किंवा तो स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ झाला असेल, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (उपचारांच्या निर्णयांत त्याच्या बाजूने उभे राहणाऱ्या व्यक्तीच्या) अर्जावरून, एका मानसोपचारतज्ज्ञाने आणि दुसऱ्या एका मानसिक आरोग्य व्यावसायिकाने किंवा डॉक्टरने स्वतंत्रपणे तपासल्यानंतर, त्याला जास्तीत जास्त ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. भावाने असा प्रतिनिधी पूर्वी लेखी नेमला नसेल तर नातेवाईक म्हणून आई किंवा आपण ती भूमिका घेऊ शकता. दाखल केल्याची माहिती रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला देणे ही रुग्णालयाची जबाबदारी असते. पुरुष रुग्णाच्या बाबतीत सात दिवसांत, स्त्रिया आणि अल्पवयीन यांच्या बाबतीत तीन दिवसांत.

प्रश्न उरतो तो त्याला तेथपर्यंत नेण्याचा, आणि बहुतेक कुटुंबे येथेच अडतात. कलम ९४ अन्वये कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णाच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल किंवा गंभीर इजेची शक्यता असेल तेव्हा, प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याच्या संमतीने, ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो, आणि रुग्णाला जवळच्या मानसिक आरोग्य संस्थेत पोहोचवणे हे त्या उपचारांतच धरलेले आहे. म्हणजे आपल्या गावाजवळच्या ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्यांनाही हे अधिकार आहेत. पोलिसांचे कर्तव्य कलम १०० मध्ये आहे. मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका निर्माण करणारी व्यक्ती हद्दीत आहे असे मानण्यास सबळ कारण असेल, तर ठाणे प्रभारी अधिकाऱ्याने तिला संरक्षणाखाली घ्यायचे असते. ही अटक नव्हे. तिला कोठडीत ठेवण्यास कायद्याने पूर्ण मनाई आहे, आणि शक्य तितक्या लवकर, पण कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, तिला जवळच्या सार्वजनिक रुग्णालयात तपासणीसाठी न्यायचे असते.

म्हणून पुढच्या वेळी ११२ वर फोन करताना पहिल्या वाक्यात आजाराचे नाव, गोळ्या बंद झाल्याचा काळ आणि कोणाला धोका आहे ते सांगावे. दगडांची गोष्ट नंतर. फोनवर केवळ भांडणाची किंवा दगडफेकीची तक्रार नोंदली गेली, तर येणारा कर्मचारी भांडण मिटवण्याच्या तयारीने येतो. त्याच वेळी १०८ ची रुग्णवाहिका मागवावी. आणि हा प्रसंग येण्याची वाट न पाहता, उद्याच कलम १०० चा उल्लेख करून ठाण्यात एक साधा अर्ज द्यावा, सोबत जुन्या केसपेपरची प्रत जोडावी, दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्यावी आणि ठाणे दैनंदिनीत नोंद करण्याची विनंती करावी. तीच कागदपत्रे रुग्णालयात द्यावीत. तोंडी बोलण्यावरून एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवू शकते. पोच असलेल्या अर्जावर तसे करणे अवघड जाते. हे सारे कुटुंबाने करावे लागते याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण ही कागदांची ने-आण दोन सरकारी खात्यांनी आपसांत करायची आहे. तरीही आज उपयोगी पडेल असा सल्ला हाच आहे.

भाऊ उपचारांनी सावरला, की त्याच्याशी बोलून त्याच्याच इच्छेने प्रतिनिधीची नेमणूक साध्या कागदावर, त्याच्या सहीने, करून ठेवावी. पुन्हा गोळ्या सुटल्या तर कोणाला कळवावे आणि कोणत्या डॉक्टरांकडे न्यावे, हेही त्यानेच सांगितलेले असले तर पुढचा प्रसंग त्याच्यासाठी कमी अपमानाचा ठरतो.

प्रश्न : मी पोलीस दलात आहे. रात्रपाळीत बेवारस फिरणारी मनोरुग्ण व्यक्ती आणली जाते. आम्ही यादी (ठाण्याचे पत्र) देऊन सिव्हिलला, म्हणजे जिल्हा रुग्णालयात, पाठवतो. तेथे ‘मानसोपचारतज्ज्ञ नाहीत, सकाळी या’ असे सांगतात. दोन कर्मचारी रात्रभर अडकतात. सकाळी तपासणी होते आणि ‘दाखल करण्याची गरज नाही’ असा शेरा मिळतो. मग त्या माणसाला सोडायचे कोठे? लोक आम्हाला दोष देतात, पण आमच्या हाती काय आहे?
— एक पोलीस उपनिरीक्षक, मराठवाडा

उत्तर : आपल्या पत्रातील त्रागा रास्त आहे. कायद्याने पोलिसांवर टाकलेले कर्तव्य स्पष्ट आहे, पण ज्याच्या हाती माणूस सोपवायचा तो हात रात्री पुढे येत नाही, ही अडचण महाराष्ट्रातील अनेक ठाण्यांची आहे.

कलम १०० मध्ये रुग्णालयाचेही कर्तव्य लिहिलेले आहे. पोलिसांनी आणलेल्या व्यक्तीची तपासणी घडवून आणण्याची जबाबदारी त्या सार्वजनिक रुग्णालयाच्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्यांवर आहे. रात्री मानसोपचारतज्ज्ञ उपस्थित नसणे समजण्यासारखे आहे. मात्र त्यामुळे त्या व्यक्तीला दारातून परत पाठवण्याचा अधिकार मिळत नाही, कारण तातडीचे उपचार कर्तव्यावरील कोणताही डॉक्टर सुरू करू शकतो. आपण यादीत कलम १०० चा स्पष्ट उल्लेख करावा, पोहोचल्याची वेळ लिहावी आणि व्यक्तीला ठेवून घेण्यास नकार मिळाला तर तो लेखी मागावा. दारूच्या किंवा अमली पदार्थांच्या आहारी गेल्यामुळे झालेल्या मानसिक अवस्थाही अधिनियमाच्या व्याख्येत येतात, त्यामुळे ‘हा तर दारुडा आहे’ हे कारणही चालत नाही.

दाखल करण्याची गरज नाही असा निष्कर्ष निघाला, तर पोलिसांनी त्या व्यक्तीला तिच्या घरी आणि घर नसेल तर बेघरांसाठीच्या शासकीय निवाऱ्यात पोहोचवायचे असते. शिवाय बेघर किंवा भटकणारी मनोरुग्ण व्यक्ती सापडली तर हरवल्याची प्रथम खबर नोंदवून तिच्या कुटुंबाचा शोध घेणे हे ठाणे अंमलदाराचे कर्तव्य आहे. एरवी ‘मिसिंग’ नातेवाईक दाखल करतात. येथे माणूस समोर आहे आणि शोध घरच्यांचा घ्यायचा आहे. त्याचे नाव, भाषा, गावातील देवळाचे किंवा नदीचे नाव असे जे तो सांगेल ते टिपून ठेवले, तर गोळ्या सुरू होऊन तो बोलू लागेपर्यंत धागा टिकून राहतो. हे काम चिकाटीने केले तर माणसे खरोखर घरी पोहोचतात. कर्जतजवळ डॉ. भरत वाटवानी यांनी उभारलेल्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनने रस्त्यावरील मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना देशाच्या दूरदूरच्या भागांतील घरी पोहोचवले आहे, आणि त्या कार्यासाठी २०१८ साली डॉ. वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपल्या हाती काय आहे, असे आपण विचारता. अमेरिकेतील मेम्फिस शहरात १९८७ साली मानसिक आजार असलेला एक तरुण पोलिसांच्या गोळीने मरण पावला. त्यानंतर १९८८ पासून तेथील निवडक पोलिसांना ४० तासांचे विशेष प्रशिक्षण देण्यास सुरुवात झाली. या प्रशिक्षणाची चर्चा पुष्कळ होते. माझ्या मते त्या योजनेतील अधिक महत्त्वाचा भाग वेगळा होता : पोलिसांनी आणलेल्या व्यक्तीला कधीही नकार न देता ताबडतोब आत घेणारे एक ठरलेले रुग्णालय. प्रशिक्षण आपल्या अधिनियमाच्या कलम ३० मध्येही आहे. आपल्याकडे नाही ते ठरलेले दार. आपले पोलीस अधीक्षक आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांनी एकत्र बसून रात्री कोणत्या वॉर्डात न्यायचे, कोणत्या क्रमांकावर आधी कळवायचे आणि किती वेळात पोलिसांना मोकळे करायचे, एवढे एका पानावर लिहून दोघांच्या सहीने काढले तरी आपल्या रात्री बदलतील. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. ठाण्याकडून असा प्रस्ताव वर पाठवावा, ही विनंती.

प्रश्न : माझा मुलगा २६ वर्षांचा आहे. त्याला बायपोलर आजार असून महाविद्यालयात असल्यापासून उपचार चालू होते. मारहाणीच्या गंभीर गुन्ह्यात अटक होऊन तो काही महिन्यांपासून मध्यवर्ती कारागृहात आहे. भेटीला गेलो की कधी ओळखतो, कधी नाही. गोळ्या नियमित मिळतात की नाही कळत नाही. वकील म्हणतात, ‘वेडेपणाचा बचाव घेऊ.’ त्याने सुटेल का? की आयुष्यभर मनोरुग्णालयात राहील?
— एक वडील, विदर्भ

उत्तर : आपल्या पत्रात तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत, आणि न्यायालयातही ते असेच मिसळले जातात म्हणून प्रकरणे लांबतात. आज कारागृहात त्याला उपचार मिळतात का, हा पहिला प्रश्न. आज तो स्वतःचा बचाव करण्याच्या मनःस्थितीत आहे का, हा दुसरा. घटना घडली त्या क्षणी त्याची मनःस्थिती काय होती, हा तिसरा. प्रत्येकाचे उत्तर देणारी व्यक्ती वेगळी, पुरावा वेगळा आणि परिणामही वेगळा.

उपचारांपासून सुरुवात करावी, कारण बाकी सारे त्यावर अवलंबून आहे. आजवरचे केसपेपर, गोळ्यांच्या चिठ्ठ्या आणि पूर्वीच्या डॉक्टरांचे सविस्तर पत्र यांचा एक संच कारागृह अधीक्षकांना आणि दुसरा कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्यावा आणि पोच घ्यावी. त्याला लिथियमसारखे औषध चालू असेल तर पत्रात ते ठळकपणे लिहावे, कारण त्या औषधासाठी रक्ततपासणी लागते आणि मात्रा चुकल्यास धोका असतो. अधिनियमाच्या कलम १०३ अन्वये कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना दर तिमाहीत पुनर्विलोकन मंडळाला अहवाल द्यावा लागतो, मंडळाला कारागृहात जाऊन पाहणी करता येते, आणि राज्यातील किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य संस्था असणे बंधनकारक आहे. आपण मंडळाकडे थेट लेखी तक्रार करू शकता. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. कारागृहातील उपचार अपुरे पडत असतील तर तेथे पाठवण्याची मागणी वकिलांमार्फत न्यायालयाकडे करता येते.

दुसरा प्रश्न संहितेच्या कलम ३६७ ते ३६९ मध्ये येतो. आरोपी मनोविकल असल्याचे आणि त्यामुळे बचाव करू शकत नसल्याचे न्यायालयाला वाटले, तर त्याची शल्यचिकित्सकांकडून तपासणी होते, ते त्याला शासकीय मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे पाठवतात, आणि त्या निष्कर्षाने आरोपीवर अन्याय झाला असेल तर त्याला वैद्यकीय मंडळाकडे अपील करता येते. असमर्थता सिद्ध झाली तर न्यायालयाने आरोपीला प्रश्न न विचारता कागदपत्रे पाहायची असतात आणि प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर त्याला मुक्त करायचे असते. गुन्हा दिसत असेल तर खटला उपचारांसाठी आवश्यक तेवढा काळ थांबतो. या काळात, गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, जामिनाचा विचार करता येतो, हे अनेक वकिलांच्याही लक्षात राहत नाही. त्यासाठी आजाराला आंतररुग्ण म्हणून उपचारांची गरज नसावी लागते आणि नातेवाईकाने किंवा मित्राने जवळच्या दवाखान्यात नियमित उपचार करण्याची व तो स्वतःला किंवा इतरांना इजा करणार नाही याची हमी द्यावी लागते. आपण हमीपत्र देण्यास तयार आहात, कोणत्या दवाखान्यात नेणार आहात आणि औषधांची जबाबदारी घरात कोण घेणार आहे, हे अर्जातच लिहिले तर न्यायालयापुढे काही ठोस येते. जामीन नाकारला गेला तरी त्याला नियमित मानसोपचार मिळतील अशा ठिकाणीच ठेवावे लागते.

तिसरा प्रश्न म्हणजे वकील सांगतात तो बचाव. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर भारतीय दंड संहितेचे कलम ८४, नंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम २२. मजकूर जवळपास सारखाच आहे. आजार असणे पुरेसे नाही. त्या आजारामुळे आपण काय करतो आहोत, किंवा ते चुकीचे अथवा कायद्याविरुद्ध आहे, हे त्या क्षणी समजण्याची क्षमता नव्हती, हे आरोपीला दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या हरिसिंह गोंड प्रकरणात वैद्यकीय आजार आणि कायद्याने मानलेली मनोविकलता यांतील हा फरक पुन्हा स्पष्ट केला. मात्र १९६४ च्या दाह्याभाई ठक्कर प्रकरणापासून हेही ठरलेले आहे, की आरोपीने हे संशयातीत सिद्ध करण्याची गरज नसते. शक्यतांचा कल त्याच्या बाजूने आहे एवढे दाखवणे पुरते. यासाठी घटनेच्या आधीचे आणि लगेच नंतरचे पुरावे लागतात : त्या आठवड्यातील झोप, खर्च, बडबड, औषधे थांबल्याचे दाखवणारी दुकानाची बिले, शेजाऱ्यांचे जबाब. आजाराचा पूर्वेतिहास तपासात पुढे आला तर आरोपीची तातडीने वैद्यकीय तपासणी करून तो पुरावा न्यायालयापुढे ठेवणे हे तपासी अधिकाऱ्याचेच कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली बापू ऊर्फ गजराज सिंह प्रकरणात म्हटले आहे. आपल्या मुलाच्या अटकेनंतर अशी तपासणी झाली होती का, हे वकिलांना दोषारोपपत्रात पाहण्यास सांगावे.

वकिलांचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला मोफत विधी सेवेचा हक्क आहे आणि तो तिला सांगण्याचे कर्तव्य अधिनियमाच्या कलम २७ ने पोलीस, न्यायदंडाधिकारी आणि वैद्यकीय अधिकारी यांच्यावर टाकलेले आहे. एक आग्रहाची सूचना : मुलगा जामिनावर किंवा अन्यथा सुटेल त्या दिवशी कारागृहातून त्याच्या उपचारांचा लेखी सारांश आणि मधल्या दिवसांच्या गोळ्या मागून घ्याव्यात. आत नीट चाललेले उपचार सुटकेच्या दिवशी तुटतात, आणि पुढचा गुन्हा किंवा पुढचा आत्महत्येचा प्रयत्न त्या तुटलेल्या आठवड्यांत घडू शकतो.

प्रश्न : वेडाचे सोंग घेऊन गुन्हेगार सुटतात, आणि तुमच्यासारखे लोक त्यांना मार्ग दाखवतात, असे मला स्पष्ट वाटते. बळी पडलेल्यांचे काय?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : बळी पडलेल्यांविषयीची आपली कळकळ योग्य आहे, आणि कायद्यानेही त्यांना विसरलेले नाही. मनोविकलतेच्या कारणावरून निर्दोष ठरवताना, ते कृत्य आरोपीने केले की नाही हे न्यायालयाला संहितेच्या कलम ३७३ प्रमाणे निकालात स्पष्ट लिहावे लागते. ‘सुटतात’ हा समज मात्र वस्तुस्थितीला धरून नाही. अशा निकालानंतर कलम ३७४ लागू होते; न्यायालय त्या व्यक्तीला सुरक्षित ताब्यात ठेवण्याचा आदेश देते किंवा हमी घेऊन नातेवाईकांच्या हवाली करते. शिक्षेला अखेरचा दिवस असतो, या ताब्याला तो ठरलेला नसतो.

याचे परिणाम आपल्या देशाने पाहिले आहेत. मनोविकल ठरवून आत ठेवलेल्या आणि पुढे विसरल्या गेलेल्या हजारीबाग कारागृहातील कैद्यांचे प्रकरण १९८२ साली वीणा सेठी यांच्या पत्रामुळे सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्यांतील काहींनी तीस वर्षांहून अधिक काळ आत काढला होता. आसाममधील माचांग लालुंग यांना १९५१ साली अटक झाली आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवण्यात आले. १९६७ साली रुग्णालयाने ते बरे असल्याचे कळवले. त्यानंतर घरी पाठवण्याऐवजी त्यांना गुवाहाटीच्या कारागृहात हलवण्यात आले. २००५ साली एक रुपयाच्या वैयक्तिक बंधपत्रावर ते बाहेर आले तेव्हा ५४ वर्षे उलटली होती आणि खटला कधी चाललाच नव्हता. डॉक्टरांनी आपले प्रमाणपत्र दिले, कारागृहाने आपला कैदी सांभाळला, न्यायालयाने आपल्यासमोर आलेली प्रकरणे चालवली. यांपैकी कोणीही दुसऱ्याला पुढे काय झाले असे विचारले नाही. ज्यांनी कोणताही गुन्हा केला नव्हता अशा मनोरुग्णांनाही पश्चिम बंगालमधील कारागृहांत ठेवले जात होते. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती प्रथा बेकायदा आणि घटनाबाह्य ठरवली.

सोंग घेणारे नसतातच असे मी म्हणणार नाही. त्यासाठीच रुग्णालयात काही दिवस निरीक्षणाखाली ठेवून तपासणी केली जाते. न झोपता, न थकता दिवसरात्र एखाद्या आजाराचा बनाव प्रशिक्षित परिचारिकेच्या डोळ्यांसमोर टिकवणे फार कठीण असते. तपासणी वेळेत आणि नीट झाली तर खोटेही उघडे पडते आणि खरा आजारही. बळी पडलेल्यांच्या कुटुंबालाही वर्षानुवर्षे तारखा मोजाव्या लागत नाहीत.

प्रश्न : माझ्या १९ वर्षांच्या मुलीने विषारी औषध घेतले होते. देवाच्या कृपेने वाचली. रुग्णालयाने एमएलसी (पोलिसांना कळवण्याची वैद्यकीय नोंद) केली आणि पोलीस जबाब घ्यायला आले. तिच्यावर केस होईल का? तिच्या नोकरीला, लग्नाला अडचण येईल का?
— एक आई, नाशिक जिल्हा

उत्तर : मुलगी वाचली हे सर्वांत मोठे. तिच्यावर आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल खटला होणार नाही. अधिनियमाच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा करता येत नाही. उलट तिची काळजी, उपचार आणि पुनर्वसन यांची जबाबदारी शासनावर येते. जुन्या दंड संहितेतील कलम ३०९ नव्या भारतीय न्याय संहितेत घेतलेलेच नाही. तेथे केवळ लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला असा प्रयत्न गुन्हा मानला आहे, आणि आपल्या मुलीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

पोलीस येतात ते कोणी तिला विष दिले का, छळ केला का किंवा प्रवृत्त केले का हे पाहण्यासाठी. तिच्यावर खरोखर कोणी अन्याय केला असेल तर हा जबाब तिच्याच कामाचा आहे. ती जबाब देण्याच्या स्थितीत आहे का हे आधी डॉक्टरांनी ठरवावे, आणि पोलिसांनी स्त्री कर्मचाऱ्यांकडून, गर्दी न करता, एकदाच आणि सावकाश विचारावे, अशी विनंती आपण करू शकता. उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा तिला हक्क आहे. वर्तमानपत्रात तिची माहिती येऊ नये हेही रुग्णालयाला आणि ठाण्याला सांगून ठेवावे. घरी सोडण्यापूर्वी तिला मानसोपचारतज्ज्ञांना भेटवल्याशिवाय रुग्णालय सोडू नये. पुढचे काही महिने अधिक जपण्याचे असतात : घरातील कीटकनाशके कुलपात किंवा घराबाहेर ठेवावीत, आणि मन जड झाले की १४४१६ या टेलिमानसच्या (शासनाच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या) क्रमांकावर ती किंवा आपण कोणत्याही वेळी मराठीत बोलू शकता.

प्रश्न : आमच्या वाडीत एका घरी तरुण मुलाला गोठ्यात साखळीने बांधून ठेवले आहे. घरची माणसे वाईट नाहीत, गरीब आणि भेदरलेली आहेत. पोलिसांना कळवले तर त्यांनाच आत टाकतील का?
— एक शिक्षक, कोकण

उत्तर : गुरुजी, आपण हे पाहून गप्प बसला नाहीत, याबद्दल आभार. साखळीने बांधणे अधिनियमाच्या कलम ९५ प्रमाणे कोणत्याही स्वरूपात निषिद्ध आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडी येथे आग लागली तेव्हा साखळीने जखडलेल्या २८ मनोरुग्णांचा मृत्यू झाला, कारण त्यांना पळता आले नाही. गोठ्यात गवत असते, चूल जवळ असते. हा धोका त्या घरालाही सांगण्यासारखा आहे.

कलम १०१ प्रमाणे कोणालाही ठाण्यात अशी माहिती देता येते, आणि खात्री पटल्यावर पोलिसांनी न्यायदंडाधिकाऱ्यांना ताबडतोब अहवाल द्यायचा असतो. न्यायदंडाधिकारी त्या मुलाला समोर बोलावू शकतात आणि कलम १०२ खाली तपासणीसाठी जास्तीत जास्त दहा दिवस दाखल करण्याचा आदेश देऊ शकतात. या तरतुदींचा रोख उपचारांवर आहे. पोलिसांना माहिती देताना कुटुंबाची गरिबी आणि त्यांनी आजवर केलेले प्रयत्नही आपण लेखी सांगावेत, म्हणजे त्यांच्याकडे आरोपी म्हणून पाहिले जाण्याची शक्यता कमी होते. तरीही त्या आधी एक प्रयत्न करून पाहावा, असे मला वाटते. आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर यांना सोबत घेऊन त्या घरी जावे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाला कळवावे आणि रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात कलम ८९ खाली नेण्यास घरच्यांना तयार करावे. आईवडिलांच्या सहीने झालेले काम त्यांना पुढेही बांधून ठेवते. आठवडाभरात हालचाल झाली नाही, किंवा मुलाच्या अंगावर जखमा, उपासमारीच्या खुणा दिसल्या, तर मात्र थांबू नये, ठाण्यात जावे.

मुलगा उपचारांनंतर घरी आला की खरी परीक्षा सुरू होते, कारण साखळी बांधण्यामागची भीती आणि दारिद्र्य तसेच असते. दर महिन्याच्या गोळ्या जवळच्या शासकीय दवाखान्यातून मिळतील अशी व्यवस्था डिस्चार्जच्या वेळीच करून घ्यावी. दीर्घकालीन मानसिक आजार हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील दिव्यांगत्वांपैकी एक आहे, त्यामुळे त्याचे प्रमाणपत्र काढता येते, आणि पात्र ठरल्यास संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. तो अर्ज भरून देण्यास आपली शाळा मदत करू शकेल.